बन्सीच्या रक्ताची दुसरी तपासणी

आमचा बन्सी मूळचा पिशोर गावचा. उंचापुरा, आवाज असा की त्यानं हाक मारली तर अख्खी गल्ली वळून बघायची. गावाकडच्या विहिरी आटल्या तसा तो बायकोला घेऊन शहराच्या कडेला, हर्सूलला माझ्या शेजारी राहायला आला अन् पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. मी त्याची थोरली बहीण, कडूबाई. माझ्या तोंडाला कुलूप नाय, हे आधीच सांगून ठेवते.

त्या सालात शहर नुसतं फुगत चाललं होतं. काल बाभळी होत्या तिथं आज मजल्यावर मजले, अन् नळाला पाण्याचा थेंब नाय. टँकर रात्रभर पळायचे. बन्सी दिवे लागले की निघायचा, उजाडल्यावर यायचा. दिवसा त्या पत्र्याच्या खोलीत झोप कसली लागती? वरून ऊन भाजायचं अन् शेजारी बांधकामाची खणखण. डोळे लाल, जेवणावर मन नाय, बायकोशी धड बोलणं नाय.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. त्याची बायको, आमची दीपमाला, सगळ्या तपासण्या करून बसली, तिच्यात काहीच खोट निघाली नाय. तरी आळीतल्या बाया बोल तिलाच लावायच्या. मी दोघी-तिघींना असं झाडलं की परत दारात आल्या नाय.

मग बन्सीच्या डोक्यात कुणीतरी भरवलं, अन् तो नव्या बिल्डिंगीतल्या एका चकचकीत दवाखान्यात गेला. तिथं रक्त घेतलं अन् सांगितलं की पुरुषी हार्मोन लई कमी हाय, इंजेक्शनं सुरू करा, वाघ व्हाल. गडी खूश. आता मूल होणारच, असं धरूनच चालला. पहिली सुई दुसऱ्या दिवशी होती. दीपमालानं हळूच माझ्या कानावर घातलं. मला काही ते पटेना. एवढ्या घाईनं टोचायला हा काय बैल हाय का? माझ्या थायरॉईडचं औषध मृण्मयी डॉक्टरांकडं चालतं, हार्मोनचंच सगळं बघतात त्या. बन्सीला दटावून दोघांना तिकडं नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त कधी दिलं ते विचारलं. सांगितलं होतं तसं, सकाळी लवकर, उपाशीपोटी, असं बन्सी ऐटीत म्हणाला. आदल्या रात्री झोप झाली होती का? तर म्हणे झोप कसली, टँकर लावला अन् तसाच गेलो. अरे देवा! लोकांची सकाळ ती ह्याची रात्र, हे ना ह्याच्या ध्यानात आलं, ना त्या चकचकीतवाल्यांनी विचारलं.

"झोप नसली की हा हार्मोन खाली येतो," बाई म्हणाल्या. "आणि तो बाहेरून टोचला, की शरीर स्वतःचं बीज बनवणं थांबवतं. तुम्हाला मूल हवंय ना?"

दीपमालानं माझा हात घट्ट धरला. मूल व्हावं म्हणून निघालेला माणूस मुलाचीच वाट बंद करायला निघाला होता.

एका तपासणीवर काही ठरत नसतं, असं बाईंनी समजावलं. काही आठवडे रात्री पोटभर झोपायचं, मग सकाळी पुन्हा रक्त द्यायचं, अन् तेव्हा काय ते बघू.

आता रात्रीची झोप आणायची कुठून? मी म्हटलं, मालकाला कंबर दुखती म्हणून सांग. बन्सी मुकाट गेला. मागं मीही गेले, त्याचा काय भरवसा. टँकरच्या अड्ड्यावर सगळे ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मालक आप्पासाहेबांनी विचारलं, दिवसाची ड्युटी कशापायी? अन् त्यांच्यातला मिशाळ फकिरा मध्येच म्हणाला की बायको रात्री सोडत नसेल. सगळे खिदळले. माझी जीभ शिवशिवली, पण बन्सीनं हातानंच मला थांबवलं.

"फकिरा, माझ्या रक्तात पुरुषी हार्मोन कमी आलाय. झोप नाय म्हणून आलाय का, ते बघायचंय. मला बाप व्हायचंय, म्हणून दिवसाची ड्युटी पाहिजे."

माझ्या भावाचा मला एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. फकिरानं चहा खाली ठेवला अन् डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. त्याच्या मागं आणखी दोघांनी विचारला. आप्पासाहेबांनीही मग रात्रीच्या पाळ्या बाकीच्यांत वाटून दिल्या अन् बन्सीला पार दिवसावर घेतलं.

पुढं दुसरी तपासणी झाली, खात्रीला तिसरीही झाली. हार्मोन अगदी ठणठणीत! इंजेक्शनाची गरज नाय, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी दवाखान्यातच मोठ्यानं हसले. बाकी लोक बघत राहिले, बघू दे.

दुसऱ्या वर्षी दीपमालाला मुलगी झाली. टँकरवाले सगळे दवाखान्यात बघायला आले, फकिरा पेढे घेऊन पुढं. बन्सीनं लेक हातात घेतली अन् मान ताठ ठेवून सगळ्यांना सांगितलं, "ते इंजेक्शन घेतलं असतं, तर कदाचित ही नसती."

एवढं बोलला अन् भरल्या वॉर्डात ढसाढसा रडला. कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाय.