नारा गावातला नैवेद्य

जपानहून रजेवर आल्यापासून लातूरच्या गंजबाजारात माझा भाव बराच वधारला आहे. कोणत्याही अडतीवर टेकलो की चहा येतो आणि कोणीतरी म्हणतं, "सांगा उद्धवराव, कसं हाय तिकडं?" मग मी भूकंप सांगतो, कागदाची दारं सांगतो, विजेवरची आगगाडी सांगतो. लोक माना डोलावतात. आमच्या तारावहिनींची गोष्ट मात्र मी अडतीवर काढत नाही. तीत मी फारसा उंच दिसत नाही.

तारामतीवहिनी देगलूरच्या, तेलुगू मुलखाच्या वेशीवरच्या. त्या लग्न होऊन लातूरला आल्या तेव्हा मी निजामाच्या मदरशात उर्दूतून हिशेब घोकत होतो आणि मराठीतून मार खात होतो. वहिनींनी महिन्याभरात गल्ली जिंकली. दुपारची भांडी झाली की आमच्या ओट्यावर बायकांचा दरबार भरायचा. कोणाच्या सुनेला डोहाळे कसले, कोणाच्या म्हशीने दूध का चोरलं, सगळे खटले तिथे निकाली निघायचे. वहिनींना जेवण नसलं तर चालेल, पण बोलायला माणूस पाहिजे.

माझे थोरले भाऊ अनंतराव, म्हणजे आमचे दादा, कापसाची पारख करतात. मुंबईच्या एका कंपनीने त्यांना जपानात कोबे बंदरावर नेमलं, तेव्हा वहिनी, लेकरं आणि मी असे सगळेच बोटीत बसलो. माझं कंपनीत काम काय, हे कंपनीलाही नीट ठाऊक नव्हतं. मी गोदामात उभा राहायचो आणि गासड्यांकडे गंभीरपणे पाहायचो.

कोबेला वहिनी सुकत चालल्या. ओटा नाही, गल्ली नाही. शेजारीण दारात वाकून नमस्कार करी आणि आत जाई. बाहेरचं खायचं नाही, परक्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा वहिनींचा नेम. त्यामुळे कोणाच्या घरी जाणंही नाही. एक दिवस त्यांनी दादांना सुनावलं.

"मी इथं भिंतीशी बोलून राहिले. अन् भिंत पण कागदाची! पुढल्या बोटीनं मला न् लेकरांना लातूरला पोचवा."

दादांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "हाव. पण एकटी कशी जाशील? उद्धवला ने सोबत. त्याला परत धाडायची काही गरज न्हाई. इथं त्याच्यावाचून काही अडत न्हाई."

माझं धाबं दणाणलं. लातुरात माझी वाट पाहत होती तहसील कचेरीतली बिनपगारी उमेदवारी. वहिनींचं मन कोबेत रमलं तरच माझं जपान टिकणार होतं.

तेवढ्यात वहिनींच्या धाकट्या लेकीचा, विशाखाचा वाढदिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी लेकराला देवाच्या पायावर घालतात, नैवेद्य दाखवतात.

"इथं देव कुठाय घालायला?" वहिनी म्हणाल्या.

"हाय की! नाऱ्याला हाय," मी म्हणालो. "जपानची जुनी राजधानी. तिथं बुद्धदेवाची मूर्ती हाय, आपल्या देवळात मावायची न्हाई एवढी. अन् बुद्ध म्हणजे विष्णूचाच अवतार."

"तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे काय!" मी म्हणालो. गोदामातल्या गुमास्त्याच्या टेबलावर मी त्या मूर्तीचं चित्र पाहिलं होतं.

वहिनींनी पहाटे उठून सोवळ्यात पुरणपोळ्या केल्या, डबा फडक्यात बांधला आणि आम्ही निघालो. दादांना गोदाम होतं. माझ्या खांद्यावर विशाखा आणि बोटाला तिचा भाऊ रेणुकादास. नाव रेणुकादास, वय सहा. गाडीत त्याने विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

नाऱ्याला उतरून देवळाच्या रस्त्याला लागलो तर जिकडे तिकडे हरणं. आपल्याकडे कुत्री फिरतात तशी मोकळी. एक हरीण वहिनींच्या समोर आलं आणि त्याने मान लववून चक्क नमस्कार केला.

"बघा वहिनी," मी म्हणालो, "जनावरंसुद्धा नमस्कार करतात. पुण्यभूमी हाय! तुम्ही पण करा."

वहिनींनी हात जोडण्यासाठी गाठोडं बाजूच्या दगडावर ठेवलं. मागून दुसरं हरीण आलं, त्याने गाठ दातात धरली आणि डबा उपडा केला.

"भावजी, नैवेद्य!"

मी छत्री उगारून धावलो. "हटो! खबरदार!" म्हणून ओरडलो. घाबरलो की माझ्या तोंडून उर्दूच येते. हरणांना ती येत नसावी. पाच-सहा हरणांनी मिळून पुरणपोळ्या संपवल्या आणि फडक्याचा एक कोपराही.

वहिनी तिथेच दगडावर बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. "वाढदिवसाला लेकरू रिकाम्या हातानं देवापुढं न्यायचं व्हय? चला परत. अन् बोटीचं बघा."

मी चारी दिशांना पाहिलं. देवळाच्या दरवाजाशीच एक बाई पातळ, गोल चकत्या विकत बसली होती. चकत्यांची चवड कागदाच्या पट्टीने नीट बांधलेली. देवळाच्या दारात जे गोल आणि बांधलेलं विकतात ते काय असतं, हे तुळजापूर पाहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. दोन मुली त्याच चकत्या हरणांना भरवत होत्या. तेही मी पाहिलं आणि अर्थही लावला: आपण नाही का गाईला घास काढत?

"वहिनी, इथला नैवेद्य इथंच मिळतो! पोळी न्यायचीच नसती, म्हणून तर हरणांनी अडवलं," मी म्हणालो आणि तीन चवडी घेतल्या. तिथून मूर्तीच्या दालनाच्या दारापर्यंत हरणांचा एक जथा माझ्या धोतराला लोंबकळत आला. मी एक चकतीही खाली पडू दिली नाही.

मूर्ती खरोखरच मोठी होती. मान वर करता करता माझी टोपी पडली. "काका, एवढा देव झोपतो कुठं?" विशाखाने विचारलं. वहिनींनी तिला कठड्याशी जमिनीवर घातलं, चकत्या मांडल्या, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग आम्ही प्रसाद घेतला. कोंड्याची चव होती.

"काका, याच्यात गूळ न्हाई," रेणुकादास म्हणाला.

"प्रसादाची चव बघायची नसती. गीळ!"

शेजारी एक जपानी आजीबाई हात जोडून उभ्या होत्या. माझं मन उदार झालं होतं. मी त्यांनाही प्रसाद दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकल्या, मग हातातल्या चकतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. विशाखाच्या भरलेल्या गालांकडे पाहिलं. आणि दोन्ही हातांची बोटं डोक्यावर फाकवून त्यांनी शिंगं केली.

मी खुलासा विचारायला गेलो. माझं जपानी सगळं गोदामात शिकलेलं, मी बहुधा "माल ओला आहे का?" असं विचारलं. आजीबाईंनी दाराबाहेरची हरणं दाखवली, चकती दाखवली आणि पुन्हा शिंगं.

"भावजी," वहिनी सावकाश म्हणाल्या, "हे हरणांचं खाणं हाय?"

"दिसतंय तसं."

"माझ्या पोळ्या हरणांनी खाल्ल्या."

"हाव."

"अन् हरणांचं आपण देवाला दाखवून लेकरांना चारलं."

मी वर पाहिलं. मूर्तीचा एक हात उभा होता. मघाशी मला तो आशीर्वादाचा वाटला होता.

आता बोट नक्की, असं समजून मी मनात कचेरीत जाऊन बसलोही. पण आजीबाई खाली बसल्या होत्या. त्यांनी आपलं गाठोडं सोडून भाताचे मुटके काढले आणि लेकरांपुढे धरले. एक वहिनींपुढेही.

"नको, नको, आमच्यात दुसऱ्याच्या हातचं..." मी मराठीतच सुरू केलं.

"राहू द्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "हरणांच्या वाटणीचं गिळून बसले मी. आता या माउलीला न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्यांनी मुटका फोडला. आत एक लाल फळ होतं. ते जिभेवर ठेवताच त्यांचा एक डोळा मिटला, खांदे आखडले.

"अगं बाई! लोणचं हाय हे!"

मग दोघी बाहेर पायरीवर बसल्या. वहिनी मराठीत विचारत, अडलं की तेलुगूत. आजीबाई आपल्या भाषेत उत्तर देत. मीठ चिमटीने मोजून झालं, बरणी हातांनी आखून झाली, ऊन बोटाने दाखवून झालं. मी दुभाषा म्हणून पुढे सरकलो तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा हरणं हाकला." लातूर सोडल्यावर प्रथमच त्यांचा आवाज इतका चढा आणि सुखी ऐकला. आजीबाई कोबेच्याच निघाल्या, हे वहिनींना कळलं आणि मला नाही.

संध्याकाळी दादांनी कोट काढता काढता विचारलं, "मग? काढू का बोटीची तिकिटं?"

"ती आंबट फळं मिरगाच्या सुमाराला झाडाला येतात म्हणे," वहिनी म्हणाल्या. "आजीबाई शिकवणार हायेत. एक बरणी घालून बघते. बोट काय, दर महिन्याला जाती."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् याचं काय करायचं?"

"राहू द्या भावजींना," वहिनी म्हणाल्या. "फळं उन्हात वाळत घातली की राखणीला कोणीतरी लागंलच की."