अक्कांचं मुरलेलं पाणी

जयनगरला आमच्या वरच्या मजल्यावर एक अक्का राहायच्या. त्यांच्या माशांच्या टाकीसमोर बसलं की दुपार पाण्यातच तरंगायची! पाणी बदलायच्या ते स्वल्पच, तेही बादलीत दिवसभर मुरलेलं.

एकदा नवरात्रात, यंत्रं-अवजारं पुजायच्या आयुधपूजेला अक्कांच्या सासूबाईंनी मोठ्या भक्तीनं टाकी घासली, नळाचं ताजं पाणी भरलं, पंपाला कुंकूसुद्धा लावलं! मासे वर येऊन धापा टाकायला लागले.

"मीच मारले गं!" सासूबाई रडकुंडीला आल्या.

"छे हो, नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, दिवसभर मुरलं की ते उडून जातं." अक्कांनी मुरलेल्या पाण्याची बादली ओढली आणि जाळी सासूबाईंच्याच हातात दिली. "तुमचा हात हलका, आत्या. तुम्हीच काढा."

एकेक सोनेरी मासा बादलीत सुटला, हळूहळू शेपट्या हलल्या. अक्का मात्र सगळा वेळ सासूबाईंच्याच चेहऱ्याकडे बघत होत्या.