पायरीच्या फटीतलं पांढरं फूल

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मावशींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फसलं, तेव्हा त्यांच्या मुलाने दुकानाला कुलूप घातलं. "आई, आता पुरे." मावशींची जेवणावरची वासनाच उडाली. जन्मभर भिंग लागलं ते उजव्या डोळ्याला. डावा आपला नुसता शेजारी.

थंडी ओसरली आणि बंद दुकानाच्या पायरीच्या फटीत एक रोप उगवलं. जमिनीलगत पानांचं चक्र, वर दोऱ्यासारखा दांडा आणि टोकाला पांढरे ठिपके.

"जाऊबाई, हे काय हो?"

वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाई शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी वाकून पाहिलं. "आठ पाकळ्या दिसतात." पुस्तक पालथं घातलं, पण आठ पाकळ्यांचं असं काही सापडेना.

मावशींनी कपाटातलं भिंग काढलं आणि डाव्या डोळ्याला लावलं. सगळं पोहायला लागलं, डोळ्याला धार लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मावशी हटून बसल्या. अखेर एका सकाळी चित्र स्थिरावलं.

"अहो, चारच आहेत! प्रत्येक पाकळी अर्ध्यापर्यंत चिरलेली आहे!"

"मग पुंकेसर मोज."

मावशींनी श्वास रोखून चिमट्याने पाकळी बाजूला केली. "सहा. चार उंच, दोन बुटके."

जाऊबाईंनी पायरीवर बसकणच मारली. "अगं, हे तर मोहरीचं कुळ!"

"एवढंसं? आणि पांढरं?"

"कुळात सगळेच का धिप्पाड निघतात? तुझ्या नवऱ्याकडेच बघ की."

नेमकं नाव कळायला आता शेंग धरेपर्यंत थांबायचं होतं. झाडूवाल्याने रोप उपटू नये म्हणून मावशींनी वर खुर्ची ठेवली. शेंगा धरल्या: चपट्या, लांबटगोल, आत पातळ पडदा. जाऊबाईंनी पुस्तकावर बोट आपटलं. "ड्राबा व्हर्ना! व्हर्ना म्हणजे वसंतातली. सापडली गं!" दोघींचा आरडाओरडा ऐकून मुलगा धावत आला.

"पुंकेसर कोणी मोजले?"

"मी. डाव्या डोळ्याने."

त्याने भिंग घेऊन उरलेल्या एका फुलाकडे बराच वेळ पाहिलं. "मला तर नुसता कापूस दिसतोय," म्हणाला, हसला आणि खिशातून किल्ली काढून आईच्या हातात ठेवली.

खडखडत शटर वर गेलं. मावशी खुर्ची ओढून बसतात न बसतात, तोच जाऊबाईंनी मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ सोडून काउंटरवर ठेवलं. "घाई नाही हो. पण आजच दे."

मावशींनी भिंग लावलं. डाव्या डोळ्याला.