तिसरं कार्ड, दोनशे सतरा

कुणालीला क्लिपांना नावं द्यायची सवय होती. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे शेखरचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ, तिथे ती तीन वर्षं एडिटिंग करत होती. कॅमेऱ्याच्या कार्डातून उतरलेल्या क्लिपांवर नुसते आकडे असत. कुणाली एकेक क्लिप शेवटपर्यंत बघे आणि सॉफ्टवेअरमध्ये तिला नाव देई. 'हळद, बाईजाआत्या डोळे पुसते.' 'मांडव, नवऱ्याचा बूट हरवला.' सगळ्यांना नाव मिळाल्याशिवाय ती कापाकापीला हात लावत नसे.

शेखर हसायचा. "बारसं उरकलं की सांग गो."

मे महिन्याच्या शेवटी शहापूरला फोटोग्राफरांचा मेळावा झाला. उत्तम लग्नफिल्मची ढाल शेखरला मिळाली. फिल्म कुणालीने जोडलेली होती. पडद्यावर मात्र आलं, 'संकलन : शेखर'.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"शेखरदादा, माझं नाव कुठाय?"

"तू क्लिपांना नावं देतेस. त्याला काय लागतं? शाळेतली पोरगी पण देईल."

गिऱ्हाइकं हसली. कुणाली म्हणाली, "मग उद्यापासून मी येत नाय."

ते शेखरला झोंबलं. तिच्यादेखत त्याने कंप्युटरवरचं तिच्या नावाचं फोल्डर कायमचं उडवलं. "तुझं काय पण नको हितं."

सॉफ्टवेअरमध्ये दिलेलं नाव मूळ क्लिपला चिकटत नाही. ते प्रोजेक्टच्या फाइलमध्ये राहतं, डिस्कवरची क्लिप आकड्याचीच असते. त्या फोल्डरात अर्धवट राहिलेल्या अकरा लग्नांचे प्रोजेक्ट होते. कुणालीला हे ठाऊक होतं. शेखरचं बोट बटणावर असताना तिचा एक शब्द पुरला असता. तो तिने गिळला आणि चपला घातल्या. स्टँडवर तिने उसाचा रस घेतला आणि घोट घोट करत संपवला. इतकं गोड तिला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

दर शनिवारी प्रोजेक्टची एक प्रत घरी न्यायची, हे तिला एडिटिंगच्या कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं. ती प्रत खर्डीला, घरी तिच्या लॅपटॉपमध्ये शाबूत होती.

पावसाळाभर शेखरचे फोन आले. कुणाली फोन ताटाशेजारी ठेवून वाजू द्यायची. वाजायचा थांबला की भात कालवायची.

गणपती उठल्यावर गोदू खर्डीला आली. त्या अकरांतलं एक लग्न तिच्या लेकीचं, काजलचं. गोदूची आई भागीरथी लग्न लागताना धवळे, म्हणजे विधीची गाणी, गायची. आसपासच्या गावांत तिच्यावाचून लग्न लागत नसे. शेवटचे धवळे ती नातीच्याच मांडवात गायली आणि श्रावणात गेली.

"आईचा आवाज पायजे गो," गोदू म्हणाली. "शेखर बोलतो, नऊशे क्लिपा हायत, सापडत नाय."

"चला मावशी."

निघण्याआधी कुणालीने लॅपटॉप उघडला आणि बॉलपेनने तळहातावर हवा तेवढाच आकडा लिहून घेतला.

ती दुकानात शिरताच शेखर खुर्चीतून उठला. "बस, बस." कुणाली गोदूशेजारी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. मूठ उघडून म्हणाली, "काजलचं लग्न. तिसरं कार्ड. दोनशे सतरा."

शेखरने क्लिप उघडली. डोक्यावर पदर घेतलेली भागीरथी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तिने सूर उचलला तशी गोदूने पदर तोंडाशी धरला. क्लिप सहा मिनिटांची होती.

"म्हंजे तुझ्याकडं सगळं हाय," शेखर शेवटी म्हणाला.

"हाय."

"दहा लग्नं अडकलीत, कुणाली. लोकं दारात येतात. तुझं नाव पहिलं लावतो, मोठ्या अक्षरात."

या वाक्याची तिने चार महिने वाट बघितली होती. त्याच्या मागे कपाटात ढाल चकाकत होती.

"नावं द्यायला काय लागतं दादा? बघ एखादी शाळेतली पोरगी."

गोदूने क्लिप मोबाइलवर घेतली. मग कुणालीकडे वळली. "लय कडू झालीस गो. त्या दहा घरांनी तुझं काय केलंय?"

"त्यांना पाठवा माझ्याकडं. ज्याला जे पायजे त्याचा आकडा मी देईन. हितं येऊन देईन, या बाकावर बसून."

"दहा वेळा?"

"दहा वेळा."

बाहेर पडून तिने थुंकी लावून तळहात पुसला.