टाकीचा राखणदार

शेंद्र्याचे नानासाहेब शहरात पाणी सोडायचं काम करत. शेतात सलग दोन वर्षं काही पिकलं नाही, तेव्हा त्यांनी ही नोकरी धरली होती. शहर चहूकडं वाढत होतं आणि त्या उन्हाळ्यात नळाला आठ दिवसांआड पाणी येई. कमी आलं की लोक नानासाहेबांनाच धारेवर धरत.

दुपारी चहाच्या टपरीवर त्यांचे जुने दोस्त, मुकुंद आणि दिगंबर, मोबाइलवरच्या एका मालिकेवरून वाद घालत होते. मालिकेत जग संपलेलं असतं. उरलेली शंभर माणसं एका धरणाच्या पोटात राहतात आणि तिथल्या टाकीत एका मुलीचं प्रेत सापडतं.

"खून त्या म्हाताऱ्या राखणदारानंच केला," मुकुंद म्हणाला. "टाकीची चावी त्याच्याकडंच हाय."

"नाय केला," नानासाहेब म्हणाले. त्यांनी दोनच भाग पाहिले होते.

"तुला काय माहीत?"

"चावी हाय म्हणून समदे त्याच्यावर डाफरतात. टाकीत पाणी किती, हे त्याच्या हातात हाय का? रोज ऐकून घेऊन माणूस लई थकतो रे. खून करायला बी अंगात बळ लागतं."

दिगंबरनं मोबाइल खिशात घातला. मग त्यानं विचारलं, "आज कुणाची पाळी?"

"तुमच्याच कॉलनीची. अर्धाच तास येईल."

एरवी दिगंबर भांडला असता. आज तो नानासाहेबांबरोबर चालत निघाला. कॉलनीच्या तोंडाशी बायका वाट बघत उभ्या होत्या. दिगंबरच पुढं होऊन त्यांना समजावू लागला, की टाकीतच पाणी कमी आहे. नानासाहेब वाकले आणि त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला.