खान्यात बसेल तो फोन

राजगुरुनगर मागे पडलं, निमगावचा रस्ता लागला, तेव्हा कुसुमताई एका चिंचेखाली टेकल्या आणि त्यांनी कानातली बाळी काढली. विजयश्रीला वाटलं, कान दुखला असेल. पण ताईंनी बाळीची तार फोनच्या कडेला असलेल्या भोकात खुपसली, सिमचा ट्रे बाहेर ओढला आणि नखाएवढं सिम अलगद पदरावर ठेवलं.

"चाकणपासून इथपर्यंत जुना झाला. आता देवळापर्यंत नवा. दोघांनाबी सारखं चालवायचं, म्हंजे मागनं मनात काही राहत नाही."

मांडीवर दोन फोन. दोन्ही लहानच, पण एक चार-पाच वर्षांपूर्वीचा, कुणीतरी वापरून विकलेला. दुसरा यंदाचा, कोरा, जुन्यापेक्षा बोटभर रुंद. चाकणच्या बाजारातल्या शेखरने दोन्ही रविवारपुरते वापरून बघायला दिले होते. ताईंचा मोठा फोन त्याच्याच दुकानात ठेवलेला. संध्याकाळी एक परत द्यायचा आणि मोठ्याच्या बदल्यात दुसरा घरी न्यायचा, असं ठरलेलं.

विजयश्री म्हणाली, की ताई, लोक सून बघायला जाताना एवढी परीक्षा घेत नाहीत. ताई म्हणाल्या, की सून बघताना घेतली असती तर बरं झालं असतं. मग लगेच जीभ चावून म्हणाल्या, की तसं नाही, पोरगी चांगली आहे.

दोघी एकाच कंपनीत, गाडीच्या वायरिंगच्या लाइनवर. विजयश्री जवळच्याच वाडीतली, लग्नानंतर कामाला लागलेली. कुसुमताई नांदेडकडच्या. नवऱ्यामागे चाकणला आल्या तेव्हा मुलगा रविराज कडेवर होता. आता त्या तपासणीवर बसतात. त्यांच्या टेबलावरून लूज क्लिप पुढे गेली, असं अजून कोणी म्हटलेलं नाही. माळेगावच्या खंडोबाला दरवर्षी जाणं जमेना, तसा त्यांनी निमगावचा खंडोबा आपला मानला. माघातला एक रविवार धरून त्या चालत येतात. यंदा सोबतीला विजयश्री आली होती.

मोठा फोन रविराजने दिलेला. तो हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो, बायकोबरोबर मारुंजीत भाड्याने राहतो. आईला हरिपाठाची अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्याने दुकानातला सगळ्यात मोठा फोन निवडला. घरी आणून आईच्या हातात दिला तेव्हा ताईंचे यजमान अर्जुनराव म्हणाले होते, की यावर भाकरी थापता येईल.

घरात फोन उत्तम चालला. घोटाळा झाला कंपनीच्या गेटवर. तिथे फोन आत न्यायची परवानगी नाही. भिंतीला लोखंडी रॅक आहे, त्यात प्रत्येकाचा नंबरवार खाना. कामावर जाताना फोन ठेवायचा, सुटताना काढायचा. ते खाने केले कोण जाणे कुठल्या काळी, त्यात रविराजचा फोन काही केल्या जाईना. आडवा घातला तरी नाही, तिरका घातला तरी नाही. गेटवरचा ज्योतीराम म्हणाला, की मावशी, खाना फोडू का? शेवटी न बसणारे फोन तो एका ट्रेमध्ये ठेवू लागला.

त्या ट्रेमध्ये एका फोर्कलिफ्टवाल्याचाही फोन असे. तसाच मोठा, तसंच निळं कव्हर. एकदा सुटायच्या गर्दीत अदलाबदल झाली. बसमध्ये फोन वाजला, ताईंनी कानाला लावला, तर पलीकडून एका बाईने विचारलं, "तुम्ही कोण?" ताई म्हणाल्या, कुसुम. त्यावर ती बाई जे सुरू झाली ती चाकण चौक येईपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती, म्हणजे फोर्कलिफ्टवाल्याची बायको, खास गेटवर आली. कुसुम म्हणजे पांढऱ्या केसांची, चष्म्याची, गुडघा धरून बसमधून उतरणारी बाई, हे बघून तिला इतकं हसू आलं, की तिने जाताना ताईंचे पायच धरले. लाइनवर महिनाभर तोच विषय.

विजयश्रीने तेव्हा सुचवलं होतं, की मोठा घरी ठेवा, एक छोटा कंपनीसाठी घ्या. ताईंचं उत्तर ठरलेलं, "दोन-दोन फोन घेऊन फिरायला मी काय जमिनीची एजंट हाय?"

तर फोन लहान करायचा हे पक्कं झालं. पण हे सगळं रविराजला माहीत नव्हतं. मागे त्याने पहिल्या पगाराची पैठणी आणली होती, ती ताईंनी नणंदेच्या मुलीला लग्नात नेसवली. पोरगं नंतर बरेच दिवस घरी आलं की जेवायचं आणि निघायचं. ते ताईंच्या मनात बसलेलं. म्हणून दर रविवारी तो फोन कसा आहे विचारायचा, तेव्हा त्या सांगायच्या, एकदम झकास.

चिंचेखालून उठताना ताईंनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्याच्या मधोमध चौकोनी फट कापलेली, बरोबर गेटवरच्या खान्याएवढी. लाइनवर एखादा भाग गेजमधून गेला तर पास, अडला तर फेल. तसंच त्यांनी फोनसाठी गेज केलं होतं. जुना कव्हरसकट आरपार गेला. नवा कव्हर काढल्यावर गेला, कव्हर घातलं की अडला.

"म्हंजे जुनाच पास की," विजयश्री म्हणाली.

ताई म्हणाल्या, की अंगठाही त्याच्यावरच नीट पोचतो. वर्षानुवर्षं क्लिपा दाबून उजवा अंगठा धरतो, मोठ्या फोनवर तर पलीकडच्या कडेला जायचाच नाही. विजयश्रीने दुसरी बाजू मांडली. जुन्यावर बँकेचं ॲप आज चालतंय, उद्या चालेलच असं नाही. मग पुन्हा शेखरच्या दुकानात फेऱ्या. ताईंनी मान हलवली. मनात मात्र जुन्याकडेच कल होता. चालताना त्या दोन्ही फोन हातात घेऊन बघत आणि जुना हातात आला की त्यांचा चेहरा सैल पडे.

भीमेच्या बाजूचा वारा लागला, टेकडीवरचं देऊळ दिसू लागलं आणि नवा फोन वाजला. रविराजचा व्हिडिओ कॉल.

ताई थबकल्या. हातातला फोन त्याला दिसणार नव्हता, तरी त्यांनी आधी तो पदराखाली धरला. विजयश्री हसायला लागली. मग ताईंनी उचलला. कुठे पोचलीस, पाय दुखतात का, पाणी पी, असं सगळं विचारून झाल्यावर रविराजने तिला नीट न्याहाळलं.

"आई, आज तू किती स्पष्ट दिसायलीस गं. दमलेली बी दिसायलीस. एरवी कळतच नाही."

ताई काहीतरी बोलून गेल्या, ऊन आहे, उजेड चांगला आहे. फोन ठेवला. मग पायऱ्या सुरू होईपर्यंत त्यांनी जुना फोन एकदाही हातात घेतला नाही.

देवळात गर्दी बेताची होती. काही बाया देवाला फुलाचा कौल लावून बसल्या होत्या. विजयश्री कानाशी लागून म्हणाली, की ताई, उजवं पडलं तर नवा, डावं पडलं तर जुना. ताईंनी डोळे मोठे केले. असल्या गोष्टीसाठी देवाला बसवून ठेवायचं नसतं, म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या, कपाळाला भंडारा लावला, विजयश्रीलाही लावला.

बाहेर येऊन पायरीवर शेंगदाण्याचा लाडू खाताना त्यांनी सांगून टाकलं, नवा घ्यायचा. कव्हर न घालता वापरीन, जपून वापरीन, अंगठा पुरला नाही तर डाव्या हाताचं बोट आहेच. नव्याच्या कॅमेऱ्यातून लेकराला आईचा चेहरा नीट दिसतोय, तर तो दिसू द्यावा. पुढं त्यांनी हळूच म्हटलं, की आता तो चेहरा घेऊन त्याच्याशी खोटं बोलवणार नाही.

"मग आत्ताच सांगा की फोनवर," विजयश्री म्हणाली.

"फोनवर नको. गुरुवारी त्याला सुट्टी हाय, घरी यायलाय. समोर बसून सांगते." ताईंनी हाताला चिकटलेला गूळ पुसला, चष्मा नीट केला आणि विजयश्रीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू ये गं त्या दिवशी. काही बोलू नको, नुसती माझ्याशेजारी बस. अन् मी पुन्हा 'एकदम झकास' म्हणायला लागले, की मला चिमटा काढ. चांगला जोरात काढ."