शेजारच्या सीटवरचे राव

नवा क्लच बसवला की गोविंदराव गाडीची किल्ली लगेच मालकाच्या हातात देत नसत. आधी दोन दिवस स्वतः चालवत आणि मग तीन दिवस मालकाच्या शेजारी बसून त्याला चालवायला लावत. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या छोट्या गॅरेजपुढे लोक यावरून कुरकुरत. राव ऐकून घेत आणि किल्ली खिशात टाकत.

मी त्यांच्याकडे गेले ती बंद पडलेली गाडी घेऊन. मिस्टरांची नोकरी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, ते पहाटेच्या गाडीने जात. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी जुनी छोटी गाडी घेतली होती आणि मी नुकतीच चालवायला शिकले होते. एका सकाळी रुळांखालच्या सबवेतून टी. नगरच्या बाजूला वर चढताना इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. गाडी पुढे सरकेना. जळका वास आला आणि गाडी हळूहळू मागे जाऊ लागली. आरशात बस दिसत होती, तिची काच मोठी होत चालली होती. मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. बसमधल्या चार जणांनी उतरून गाडी मागून रेटून धरली म्हणून आम्ही वाचलो.

रावांनी गाडी उघडली आणि क्लचप्लेट माझ्यापुढे धरली. झिजून गुळगुळीत झालेली, कडेला निळी पडलेली. मी पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवते हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. त्यांची मराठी जुनी होती आणि तमिळच्या चालीवर हेलकावत यायची.

"भिणाऱ्याचा पाय क्लचवर असतो, बाई," ते म्हणाले. "इंजिनाला वाटतं जा, तुमाला वाटतं नोको. त्या भांडणात प्लेट मरते."

नव्या क्लचवर मी त्यांच्यासोबत बसले तो पहिला दिवस शिव्या खाण्यातच जाईल असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. पहिले पाचशे किलोमीटर प्लेटला बसायला वेळ द्यायचा, एवढंच ते सांगत राहिले. हिसका द्यायचा नाही, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलायची नाही, हँडब्रेक लावायचा. "मेदुवा, मेदुवा," म्हणजे हळू, हळू, हे शब्द मी इतके ऐकले की घरी भाजी परततानाही ते कानात यायचे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडी सुरू झाली की रावांचा डावा हात दाराचं हँडल घट्ट धरून असे. बोटं पांढरी पडत. दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, माझ्या चालवण्याची इतकी भीती वाटते का?

मग सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांच्या गाडीला त्यांनी नवा क्लच घातला आणि घाई आहे म्हटल्यावर तासाभरात गाडी देऊन टाकली. जुना क्लच पेडल पार वर आल्यावर पकडायचा, नवा खालीच पकडायला लागला होता. मास्तरांनी घराशी सवयीप्रमाणे पाय सोडला आणि गाडीने उडी घेतली. समोर त्यांची बायको फाटक उघडत होती. ती जगली, पण पुन्हा उभी राहिली नाही.

"मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत," राव म्हणाले. "बोलले असते तर बरं झालं असतं."

सिग्नल सुटला. माझ्या हातून गाडी दोनदा बंद पडली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात सोडून आम्ही परत निघालो. राव म्हणाले, आज सबवेतून घ्या. मी नको म्हणत होते, पण घेतली. पलीकडच्या चढावर गर्दीत अडकलो. मी हँडब्रेक लावला आणि शाबासकीच्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्ट घामाने छातीला चिकटला होता.

"दवाखाना," ते पुटपुटले.

मागे बस, पुढे रिक्षा. मी रडत म्हणाले, मला जमणार नाही, मी कुणालातरी बोलावते. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

"भिऊनच चालवा, बाई. पण चालवा."

मी चालवली. हिसके बसले, जळका वास आला, चढ कधी संपला ते कळलं नाही. पहिल्या वळणावर गाडी फिरवली आणि हॉर्नवरचा हात न काढता दवाखान्याच्या दारात नेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

चार दिवसांनी भेटायला गेले तेव्हा रावांनी आधी क्लचची चौकशी केली. वास किती वेळ येत होता, पेडल कुठे पकडतंय, सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, काही नाही झालेलं, वाचला.

गॅरेज मात्र बंद झालं. मुलीने त्यांना तंजावरला बोलावून घेतलं आणि तिथेच पुढच्या वर्षी ते गेले. मला त्यांची आठवण येते ती तंजावरच्या गाडीसाठी मी त्यांना एगमोर स्टेशनला सोडायला गेले त्या सकाळची. बायकोसोबत ते मागे बसले होते. अर्ध्या वाटेत मी आरशात पाहिलं. त्यांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. गाडी कडेला घेऊन मी मागे वळले.

त्यांच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

"निजलेत," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याच्या गाडीत कधी डोळा लागत नाही त्यांचा."

मी खूप वेळ त्यांची छाती वरखाली होताना पाहत राहिले. मग जाग येऊ नये अशा बेताने पेडल सोडलं.